मागे राहिलेलं सामान

माझ्या ताईच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस आधी दचकतो आणि मग नकळत गालाला हात लावतो. कारण बाहेरच्या खोलीत अगदी मधोमध दातांच्या डॉक्टरची खुर्ची आहे. खरीखुरी. पायाशी असलेली पट्टी दाबली की वर जाते, बाजूचा खटका ओढला की फुस्स करून खाली येते. माझे भावोजी त्या खुर्चीत बसून पेपर वाचतात, आणि बातमी आवडली की थोडे वर जातात.

खुर्चीवर थांबलं असतं तर मी काही बोलले नसते. पण कपाटावर महिलांच्या पोहण्याच्या शर्यतीतला चांदीसारखा चषक आहे. आमची ताई आंघोळीलासुद्धा बादली हातभर लांब ठेवून बसते, इतकी तिला पाण्याची भीती. न्हाणीघराच्या दारावर ‘कृपया रांगेत उभे राहावे’ अशी पाटी आहे, आणि घरात माणसं दोन. टोप्या अडकवायचे तीन लाकडी खांब आहेत, टोपी एकही नाही. मासे पाळायच्या काचेच्या पेटीत मोजे आहेत. आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली पितळी पट्टीवर कोरलंय, ‘आदरणीय हिशेबनीस साहेबांना सप्रेम निरोप’. पाहुणे आदराने विचारतात, “तुम्ही हिशेबनीस होता वाटतं?” भावोजी तितक्याच आदराने सांगतात, “मी नाही, घड्याळ होतं.”

तर भावोजी हिशेबनीस नाहीत, दातांचे डॉक्टर नाहीत आणि पोहणारी महिला तर नाहीतच नाहीत. लोकांची घरं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवणाऱ्या टोळीचे ते मुकादम आहेत. उभा जन्म त्यांनी परक्यांची कपाटं उतरवण्यात घालवला. आणि त्यांच्या घरात जे काही आहे, ते सगळं कुणाचं तरी मागे राहिलेलं आहे.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. ट्रक भरून निघाला की टोळीतला एक जण मागे थांबतो आणि रिकाम्या घरातून शेवटची फेरी मारतो. फळीच्या वर, दाराच्या मागे, खिडकीच्या कडेला, सगळीकडे नजर टाकतो. काही सापडलंच तर ते मालकापुढे नेऊन ठेवायचं आणि तीन वेळा विचारायचं, “हे तुमचं राहिलंय. न्यायचंय?” मालक तिन्ही वेळा नको म्हणाला, किंवा विचारायला कुणी उरलंच नाही, की ती वस्तू मुकादमाची. बाकीचे मुकादम ती रस्त्याच्या कोपऱ्यावर विकून मोकळे होतात. आमचे भावोजी घरी आणतात. का, तर म्हणे, “ज्याला घरच्यांनी तीनदा नको म्हटलं, त्याला मी चौथ्यांदा कसं म्हणू?”

ताईने हात टेकले, आणि टेकलेला हात कुणाच्या तरी टेबलावर पडला.

त्यांच्या टोळीचा आणखी एक खेळ आहे. सामान भरून झालं की चहा पिता पिता त्या सामानावरून मालक ओळखायचा. हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यात जड कपाट उचलायचं. भावोजी त्यात कधी हरले नाहीत. एका घरातून सगळ्या वस्तू दोन-दोन निघाल्या, तेव्हा टोळी म्हणाली, जुळी मुलं असणार. भावोजी म्हणाले, नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. दोघं खाली आले, तेही दोन वेगळ्या जिन्यांनी. माणूस खोटं बोलतो, त्याचं सामान बोलत नाही, असं भावोजींचं म्हणणं. मात्र स्वतःच्या घराविषयी त्यांचं सामान काय बोलतं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ताईनेच. त्यांची जुनी इमारत पाडायची ठरली आणि दोघांना थोडं पलीकडे एक छोटं नवं घर मिळालं. तिथली भिंतसुद्धा कुणी आधी वापरलेली नव्हती. ताईने तिथे उभं राहून एक गिरकी घेतली आणि जाहीर केलं, “या घरात दुसऱ्या कुणाची एकही वस्तू येणार नाही. टाचणीसुद्धा नाही!”

“एकही?” भावोजींचा आवाज दोन मजले खाली गेला.

“एकही. आणि अहो, एक वस्तू तुम्ही घ्यायची. दुकानात जाऊन, चार बघून, स्वतःच्या पसंतीची. मला एकदा तरी कळू दे, तुम्हाला नेमकं आवडतं काय ते.”

मी तिथेच होते. मला वाटलं, एवढंच ना? पण भावोजींच्या कपाळावर घाम आला होता. पियानो तीन मजले खाली उतरवताना ज्याला घाम आला नाही तो माणूस!

रविवारी आम्ही तिघं फर्निचरच्या दुकानात गेलो. टाय लावलेला एक विक्रेता आमच्या मागे लागला. भावोजींनी पहिल्याच सोफ्याचा कोपरा सवयीने उचलून बघितला. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक आजीबाई बसल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही, कारण ते म्हणाले, “आजी, जरा घट्ट धरा.” आजी हवेत जाऊन आल्या आणि खुदकन हसल्या. त्यांच्या सुनेला मात्र हसू आलं नाही.

मग भावोजी एका जेवणाच्या टेबलाखाली आडवे झाले.

“साहेब, काय शोधताय?” विक्रेता.

“पकड. याला उचलायचं कुठून?”

“साहेब, हे उचलायचं नसतं. हे घरात ठेवायचं असतं.”

“सगळे असंच म्हणतात,” खालून आवाज आला, “आणि मग मला बोलावतात.”

विक्रेता चिकाटीचा होता. त्याने एक गुबगुबीत आरामखुर्ची पुढे ओढली आणि आवाजात मध घालून म्हणाला, “ही बघा. ही खुर्ची माणसाचं व्यक्तिमत्त्व सांगते.” भावोजींनी खुर्चीच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, “काही बोलत नाहीये हो. नवी आहे ना, लाजत असेल.”

मी तर एका गादीवर पडून हसत होते. ताईसुद्धा हसत होती, तोवर. पण भावोजींना काहीच पटेना. हे कपाट जिन्याच्या वळणावर अडेल, त्या पलंगाचे पाय निघत नाहीत, हा आरसा ट्रकमध्ये उभाच न्यावा लागेल. अख्ख्या दुकानात ते थांबले कुठे, तर मागच्या कोपऱ्यात पाय मोडलेल्या एका तिपाईपाशी. तिच्याकडे बघत मायेने म्हणाले, “ही कुणाची राहिलीय?”

ताईचं हसू तिथे मावळलं. आणि भावोजी त्यानंतर दिसेनासेच झाले. शोधलं तर बाहेर रस्त्यावर कुणा अनोळखी माणसाचा फ्रीज टेम्पोत चढवून देत होते, चेहऱ्यावर सुट्टी मिळाल्याचा आनंद.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. भावोजी जिन्यावर कुणाशी बोलत थांबले, तेवढ्यात ताई दातांच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, “यांना काही आवडतच नाही गं. जे पुढ्यात येतं ते ठेवून घेतात. मला आपली उगाच आशा.”

“कसली आशा?”

“मी तरी काय वेगळी आहे? मीसुद्धा मागे राहिलेलं सामानच की. मला कुठे त्यांनी पसंत केलं? मी त्यांना सापडले.”

हे ती नेहमी गमतीत म्हणायची. त्या दिवशी गमतीत म्हणाली नाही.

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तुम्हाला सांगायला हवी. मी लहान होते तेव्हा आम्ही घर बदललं. ट्रकमध्ये पुढे बाबा, टॅक्सीत मागे आई आणि मी. ताईला जुनं घर सोडायचं नव्हतं, म्हणून ती वरच्या खोलीत रुसून बसली होती. बाबांना वाटलं, ती टॅक्सीत आहे. आईला वाटलं, ती ट्रकमध्ये आहे. टोळीतलं कुणीतरी तसं सांगितलंही होतं. नव्या घरी पोचलो, तर काय, सगळं आलं, केरसुणीसुद्धा आली, आणि थोरली मुलगीच नाही! आईने टाहो फोडला. बाबा म्हणाले, “हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.” आई म्हणाली, “माझ्या मुलीला शेपूट म्हणता?” त्यांचं हे भांडण रंगात आलं असतानाच दारात टोळीतला सगळ्यात नवा गडी उभा राहिला. शेवटची फेरी मारायला मागे थांबलेला. शेजारी ताई, एका पायात चप्पल. गडी घसा खाकरून बाबांना म्हणाला, “काका, तुमच्याकडचं एक राहिलं होतं.”

तेच आमचे भावोजी.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, हातात एक झाकण. “ट्रकमध्ये राहिलं होतं.” त्याच्या पुढच्या रविवारी पडद्याची दांडी. मग गाळणी. मग ताईची ती दुसरी चप्पल. बाबांनी त्यांचं नावच ‘धांदरट’ ठेवलं. “धांदरट आला गं, चहा टाक,” असं आतल्या खोलीत ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. पुढे त्याच धांदरटाशी ताईचं लग्न लागलं, तरी बाबांनी नाव बदललं नाही. जावयाचा मोठा मुकादम झाला, तरीही नाही. ताईला मात्र त्याचाही अभिमान. म्हणायची, “आमच्या घरी धडा मिळाला म्हणूनच यांच्या हातून पुढे कधी काही राहिलं नाही.”

घर हलवायचा दिवस उजाडला. भावोजींनी वस्तू काही घेतली नव्हती. ताई त्यांच्याशी गरजेपुरतं बोलत होती, म्हणजे ‘ती पिशवी’ आणि ‘इकडे नको’. भावोजी अपराध्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहत होते आणि नेमकं जिथे उभे राहतील तिथलंच सामान टोळीला उचलायचं असायचं.

ताईने जवळजवळ सगळं वाटून टाकलं होतं, ट्रकमध्ये जायचं ते भांडीकुंडी, कपडे आणि तिने नवं घेतलेलं सामान. चषक तळमजल्यावरच्या मुलीने नेला, ती आता रोज दारात उभी राहून कुणीही नसताना लोकांना वाकून नमस्कार करते. रांगेची पाटी दूधवाल्याने मागितली. दातांची खुर्ची कोपऱ्यावरच्या न्हाव्याला द्यायची होती. ती उतरवताना चौघं घामाघूम झाले. वळणावर पट्टीवर कुणाचा तरी पाय पडला आणि खुर्ची वर जायला लागली, ती जिन्यात अडकेपर्यंत. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर येऊन सूचना देऊ लागले. प्रत्येकाची सूचना वेगळी, आवाज सारखाच मोठा. शेवटी ती फुटपाथवर मधोमध विराजमान झाली, आणि न्हावी दुकान बंद करून येईपर्यंत आम्ही सगळे तिच्याभोवती चहा प्यायला बसलो. भावोजी तिच्यात बसले. निरोप घेत असावेत.

टोळीबरोबर त्या दिवशी गाठोबा आले होते. दोर बांधण्यात यांचा हात धरणारा दुसरा नाही, म्हणून हे नाव. त्यांनी आणि भावोजींनी एकाच वेळी कामाला सुरुवात केली होती, पण पुढे ते मुलाकडे लांबच्या गावी गेले. जुन्या गड्याचं घर हलतंय म्हटल्यावर गाठ मारायला मुद्दाम आले होते.

चहाबरोबर खेळ निघाला. “ओळखा, घर कुणाचं?” एक जण म्हणाला, “रुग्ण पळून गेले म्हणून पोहायला लागलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईचं.” दुसरा म्हणाला, “तीन टोपीवाले भाऊ, टोप्या घेऊन परागंदा.” फुटपाथ हसून हसून लोळायचा बाकी होता. भावोजी खुर्चीत लहान लहान होत चालले होते.

“तुमच्या मुकादमांचं सोडून कुणाचंही म्हणा,” ताई म्हणाली. “यांचं यात काहीच नाही. मीसुद्धा नाही. मीही मागे राहिलेल्यातलीच, माहीत नाही का?” आणि तिने गाठोबांना ती गोष्ट थोडक्यात सांगितली.

गाठोबांनी बशी खाली ठेवली. “राहिली? याच्या हातून?”

“नवे होते ना तेव्हा. धांदरट.”

“वहिनी, हा आणि धांदरट? अहो, पहिल्या दिवशी हा भिंतीतला खिळा आणायला परत वर गेला होता. याच्या हातून चमचा राहिला नाही कधी, तिथे अख्खी बाई राहील? नव्या गड्याकडे कामं दोन. गाडी सुटायच्या आधी सामान मोजायचं, मग माणसं मोजायची. तुमच्या घराला दोर मीच लावला होता. हा वर जाऊन आला, मला म्हणाला, ‘बांध.’ मी विचारलं, ‘सगळे बसले?’ तर म्हणाला, ‘सगळे बसले.’”

ताईने भावोजींकडे बघितलं. भावोजींनी पेपर शोधला, पण पेपर खोक्यात गेला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर कानांवर सूर्य उगवला होता, इतके ते लाल झाले होते.

ताई उठली. खुर्चीच्या पट्टीवर पाय ठेवला आणि एकदा दाबला. भावोजी वर गेले.

“तुम्ही वर आला होतात?”

“दारापर्यंत.”

पुन्हा पट्टी. “मी दिसले होते?”

“खिडकीत बसली होतीस. रुसून. पाय हलवत होतीस. एका पायात चप्पल नव्हती.”

“आणि खाली जाऊन सांगितलंत, सगळे बसले?”

“बाबांना सांगितलं, टॅक्सीत आहे. आईंना सांगितलं, ट्रकमध्ये.”

“का?” या प्रश्नाला तिने पट्टी तीनदा दाबली. भावोजी आता सगळ्यांच्या डोक्यावर होते, तिथून पळायची सोय नव्हती.

“शेवटची फेरी माझी होती,” ते म्हणाले. “म्हटलं, बसने येऊ दोघं. तेवढंच बोलणं होईल.”

“आणि ती झाकणं? गाळणी? माझी चप्पल?”

“एकेक काढून ठेवलं होतं. परत यायला काहीतरी नको का?”

“बाबा शेवटपर्यंत धांदरट म्हणत राहिले तुम्हाला!”

“म्हणू दे. तेवढी किंमत तर लागणारच.” मग जरा थांबून, वरूनच, पण अगदी हळू म्हणाले, “तू मला सापडली नव्हतीस गं.”

काखेत कळसा आणि फर्निचरच्या दुकानाला वळसा! मी रडले, सांगते. हसता हसताच रडले. चोख कामाचं नाव हीच ज्या माणसाची सगळी मिळकत, त्याने ती एकदाच उधळली होती, आणि उधळली कशावर, तर माझ्या रुसूबाई ताईवर. आणि ही बया त्याची आवड शोधायला दुकानात घेऊन गेली होती त्याला!

ताईने खटका ओढला. भावोजी फुस्स करून जमिनीवर आले. ती त्यांच्याकडे न बघता टोळीला म्हणाली, “खुर्ची गाडीत चढवा. न्हाव्याला मी काय ते सांगते.” न्हावी तेवढ्यात हात पुसत पोचला होता. त्याला तिने तीन टोपीचे खांब दिले आणि तो बिचारा घेऊनही गेला.

ट्रक भरला, दोर लागला. तेवढ्यात ताईने मला बाजूला ओढलं आणि कानात काही सांगितलं. मी पळत जाऊन ट्रकवाल्याला म्हटलं, “ताई टॅक्सीत आहे.” मग टॅक्सीत, खुर्चीबरोबरच वाचलेली मोज्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या गाठोबांना म्हटलं, “ताई ट्रकमध्ये आहे.” भावोजी दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे होते. त्यांनी माणसं मोजली. ओठ हलताना मी बघितले. एकदा मोजली, पुन्हा मोजली, मग वरच्या खिडकीकडे बघितलं.

“सगळे बसले,” भावोजी म्हणाले. “जाऊ द्या.”

दोन्ही गाड्या गेल्या. मी एकाही गाडीत नव्हते, कारण असलं काही सोडून जाईन तर मी त्यांची मेहुणी कसली? भावोजींची पाठ वळल्यावर मी दबकत जिन्याच्या वळणापर्यंत चढले.

वर घर रिकामं होतं. पावलांचा आवाज घुमत होता. उघड्या दारातून दिसत होतं, खिडकीत ताई बसली होती, पाय हलवत, एका पायात चप्पल.

“हे कुणाचं राहिलंय?” दारातून भावोजींचा आवाज, अगदी कामावरचा. “न्यायचंय कुणाला?”

ताई पाय हलवत राहिली.

“हे कुणाचं राहिलंय?”

ताईचं हसू दाबल्याचा आवाज आला.

“तिसऱ्यांदा विचारतोय, हे कुणाचं राहिलंय? नाही कुणाचं? मग मुकादमाचं.”

“मग बघत काय राहिलात? उचला की!” ताई म्हणाली.

“थांब, थांब. आधी जिन्याचं वळण बघून येतो.”

आणि ते खरोखरच वळण बघायला बाहेर आले. वळणावर मी. डोळे पुसत, तोंडात रुमाल कोंबून. भावोजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, अवघड जागी अडकलेल्या कपाटाकडे बघावं तसं.

“मेहुणीबाई,” ते म्हणाले, “बाजूला व्हा जरा. नाजूक सामान खाली आणायचंय.”